एकाकडे पितळ, एकाकडे साचा

यॉर्डिसने बाही कोपरापर्यंत सारली आणि काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांनी भरलेल्या बादलीत हात घातला. मूठभर वर काढायच्या, तळहातावर पसरायच्या, बोटाने एकेक उलटवून बूड बघायचं आणि परत बादलीत सोडून द्यायच्या, असं तिचं बराच वेळ चाललं होतं. झाडून साऱ्या एका माळेच्या निघत होत्या. तिला हवी होती ती बुडाशी रुंद कडेची, खाली जाड आणि मानेपाशी एकदम निमुळती होणारी. तसली एकही हाताला लागेना.

बादलीचा मालक फोल्के टेबलापलीकडे स्टुलावर बसला होता. थर्मासच्या झाकणातून कॉफीचे घुटके घेत तो तिच्याकडे बघत होता. शूटिंग क्लबच्या हॉलमध्ये दर उन्हाळ्यात हा बाजार भरायचा. जुने पट्टे, दुर्बिणी, काडतुसं भरायची हत्यारं आणि उडवून रिकाम्या झालेल्या पुंगळ्या. विकणारे तेच, घेणारेही तेच, सगळे एकमेकांना नावानिशी ओळखणारे. बायका होत्या त्या दाराशी वाफल्स भाजत होत्या.

"काय हरवलंय?" फोल्केने शेवटी विचारलं.

यॉर्डिसने खिशातून रुमाल काढला आणि उलगडून त्याच्यापुढे धरला. आत बोटाएवढा गुलाबी रबराचा तुकडा होता.

"हा कुणाचा दात म्हणायचा?"

"दात नाही. बंदुकीच्या घशाचा ठसा आहे, काडतूस बसतं तिथला."

फोल्केने कॉफी खाली ठेवली. यॉर्डिस ओस्टरसुंद शहरात दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. कवळ्या बनवायच्या, दाढांवर बसवायच्या टोप्या घडवायच्या, हेच तिचं आयुष्यभराचं काम. ज्या रबराने माणसाच्या जबड्याचा ठसा घेतात, तेच तिने वडिलांच्या बंदुकीच्या घशात ओतलं होतं. ठसा इतका स्वच्छ उतरला होता, की घशाच्या भिंतीवरचा केसासारखा ओरखडासुद्धा त्यावर दिसत होता. फोल्केने तो दोन बोटांत धरून फिरवला, मोजपट्टीवर ठेवला आणि मान हलवली.

"आठ बाय अठ्ठावन्न, कडेची. लष्कराची जुनी एकेरी बंदूक असणार. कुणाची?"

"माझ्या वडिलांची. बर्गवीकचे एलोफ."

फोल्केने ठसा तिच्या रुमालावर परत ठेवला. मग त्याने एलोफ थंडीत गेल्याचं कानावर आलं होतं असं सांगितलं, आणि माणूस सरळ होता असंही म्हणाला. तो खरंच एलोफला ओळखत होता की बाजारात म्हणायचं म्हणून म्हणाला, ते यॉर्डिसला कळलं नाही.

लष्कराने तसल्या बंदुका कधीकाळी मोडीच्या भावात काढल्या होत्या. एलोफने त्यातली एक विशीत घेतली आणि मरेपर्यंत दुसरी घेतली नाही. त्याच्या शिकारीच्या टोळीतल्या सगळ्यांकडे दुर्बिणीच्या नव्या बंदुका आल्या, तरी हा दर सप्टेंबरात एका वेळी एकच गोळी घालायची ती जुनी बंदूक घेऊन दलदलीच्या कडेला आपल्या जागेवर जाऊन बसायचा आणि बहुतेक वर्षी एल्क, म्हणजे तिकडचं घोड्याएवढं हरीण, घेऊन यायचा. फेब्रुवारीत तो गेला. बंदुकीचा परवाना मे महिन्यात यॉर्डिसच्या नावावर झाला. टोळीच्या म्होरक्याने फोन करून सांगितलं, की एलोफची जागा रिकामी आहे, तुला यायचं तर ये. तिला यायचं होतं. शहरात गेल्यापासून तिची शिकार सुटली होती, आणि ती काही फार मोठी शिकारी कधीच नव्हती. पण एक सप्टेंबर तरी त्या जागेवर, त्या बंदुकीसह बसावं असं तिच्या मनाने घेतलं होतं. म्हातारा तिथे बसून काय बघत होता, ते तिला बघायचं होतं. अडचण एवढीच होती, की बंदुकीला घालायला काही नव्हतं. त्या मापाचं काडतूस दुकानात मिळत नाही, घरीच भरावं लागतं. भरायचं हत्यार एलोफच्या कपाटात नीट तेल लावून ठेवलेलं सापडलं. पुंगळ्या मात्र मूठभर, आणि त्यातल्या निम्म्यांच्या माना तडकलेल्या.

"दुसऱ्या जातीच्या कापून, घासून करता येतात," फोल्के म्हणाला. "पण लेथ लागतो आणि चिकाटी लागते. निम्म्या तरी फुकट जातात."

"चिकाटी आहे," यॉर्डिस म्हणाली. "पण आधी मला एक सांगा."

तिने दुसऱ्या खिशातून दोन पुंगळ्या काढून त्याच्यापुढे बुडं वर करून उभ्या केल्या. दोन्ही उडवलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या जळक्या टोप्या अजून बुडातच होत्या.

"ह्या दोन्ही एकाच बंदुकीतून उडाल्यात?"

फोल्केने भिंग डोळ्याला लावलं. हे आधीच्या दिवशी तिच्या लक्षात आलं होतं, आणि तेव्हापासून डोक्यातून जात नव्हतं. एका टोपीवर बंदुकीच्या सुईचा ठोका बरोबर मधोमध होता, वाटोळा, मसुराएवढा. दुसरीवर तो कडेला सरकलेला होता आणि थेंबासारखा लांबट. दातांचे ठसे बघणाऱ्या माणसाला अशी गोष्ट सोडवत नाही. तिने साऱ्या पुंगळ्या दिव्याखाली मांडून दोन रांगा केल्या होत्या. मधल्या ठोक्याच्या पुंगळ्यांच्या पोटावर एक बारीक ओरखडा होता, ठशावर होता तोच. तिरक्या ठोक्याच्या एकीवरही तो नव्हता.

"दोन बंदुका," फोल्के म्हणाला.

"वडिलांकडे एकच होती."

"मग कुणाच्या तरी उडवलेल्या आणल्या असतील."

"टोप्या मात्र एकाच डब्यातल्या आहेत. माना एकाच हाताने तापवून मऊ केल्यात. एकाच माणसाने भरल्या आणि दोघांनी उडवल्या."

फोल्केला आता मजा वाटू लागली होती. त्याने भिंग खिशात टाकलं आणि हनुवटी खाजवत म्हणाला, की ह्या जातीच्या कोऱ्या पुंगळ्यांची एक पेटी त्याच्याकडे होती, एका डॅनिश संग्राहकाच्या मागे राहिलेल्या मालातली. गेल्याच उन्हाळ्यात ह्याच टेबलावरून गेली. घेणारा म्हातारा होता, कानात यंत्र घातलेला. दुपारभर घासाघीस केली त्याने.

"मी म्हटलं, बाबा रे, एवढं काय ओढून धरतोस. तर म्हणाला, ह्यातली अर्धी पेटी माझी नाही, दुसऱ्याच्या वाट्यालाही महाग पडता कामा नये."

"कुठला होता?"

"तुमच्याच तिकडचा. तळ्याच्या पलीकडचा. सिक्स्टेन."

यॉर्डिसने रबराचा ठसा रुमालात परत गुंडाळला. दोन घड्या पुरल्या असत्या, तिने चार घातल्या.

*

बर्गवीकमध्ये तळ्याच्या अल्याड एलोफचं घर आणि पल्याड सिक्स्टेनचं. दोघं एका बाकावर शिकले, लष्करात एका खोलीत राहिले, एवढं यॉर्डिसला ऐकून माहीत होतं. डोळ्यांनी तिने पाहिलं ते भांडणच. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. सिक्स्टेनने जंगलतोडीचा सौदा केला आणि ओंडक्यांनी लादलेले ट्रक एलोफच्या अंगणातून जाऊ लागले, कारण जुना रस्ता तिथूनच होता. महिनाभरात विहिरीला गढूळ पाणी आलं. एलोफ बोलायला गेला, सिक्स्टेन कामाच्या घाईत होता. एलोफने रस्त्यावर आडवा दांडा बसवला. सिक्स्टेनने तो काढून टाकला. मग वकील आले, आणि कोर्टात दोन-तीन वर्षं जाऊन निकाल असा लागला, की दोघंही हरल्यासारखे घरी आले.

तेव्हापासून चाळीसएक वर्षं दोन्ही घरं एकमेकांचं तोंड बघत नव्हती. एलोफ त्या माणसाबद्दल बोलायचाच नाही. आई, टीरा, त्याहून कडक. तिने ते नावच टाकलं होतं; म्हणायची वेळ आली तर "पल्याडचे" म्हणायची. सिक्स्टेनची गाडी रस्त्याने गेली, की कपडे वाळत घालताना ती पाठ फिरवायची.

त्या संध्याकाळी टीरा स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून जंगलातून आणलेल्या बेऱ्या निवडत होती. चौऱ्याऐंशीची झाली होती, पण बोटं अजून चपळ. यॉर्डिसने पुढ्यात बसून थोडी मदत केली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आई, सिक्स्टेनकडे बाबांसारखीच बंदूक आहे का गं?"

"पल्याडच्यांकडे काय आहे नि काय नाही, मला काय ठाऊक?"

हात थांबले नाहीत. पान बाजूला, बेरी वाडग्यात.

"मी उद्या जाणार आहे तिकडे."

टीराने वाडगं थोडं हलवलं, म्हणजे बेऱ्या सारख्या पसरल्या.

"जा. तू काय लहान आहेस?" मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्यांचा कुत्रा भुंकतो फार. पण चावत नाही."

*

कुत्रा खरंच फार भुंकला, आणि चावला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीतून उतरताना यॉर्डिसच्या मनात आईचं वाक्य नव्याने आलं आणि ती दार धरून क्षणभर उभीच राहिली. कुत्रा तरणा होता, चारेक वर्षांचा असेल, म्हणजे भांडणाच्या कितीतरी नंतरचा.

सिक्स्टेन शिडीच्या खालच्या पायरीवर उभा राहून खिडकीच्या चौकटीला पांढरा रंग देत होता. त्याने वळून तिच्याकडे पाहिलं आणि ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"मी एलोफची—"

"माहीत आहे. चाल त्याचीच आहे. आत ये."

स्वयंपाकघर एकट्या माणसाचं होतं, पण लख्ख. त्याने कॉफी उकळली, तिकडच्या रीतीप्रमाणे कपांत चीजचे तुकडे टाकून वर ओतली आणि समोर बसला. काय काम काढलंस, असं त्याने विचारलं नाही. यॉर्डिसने खिशातून त्या दोन पुंगळ्या काढून मेणकापडावर ठेवल्या. सिक्स्टेनने चष्मा शोधला नाही की उजेडाकडे धरल्या नाहीत. अंगठा एका बुडावरून फिरवला, मग दुसऱ्या.

"ही त्याची," तो म्हणाला. "ही माझी. माझ्या बंदुकीची सुई पहिल्यापासून तिरकी आहे. घेतली तेव्हा एलोफ म्हणाला होता, तिरक्याला तिरकीच मिळाली."

मग त्याने सांगितलं, कॉफी चमच्याने ढवळत, मधेच चीजचा तुकडा काढून खात. दोघांनी बंदुका एकाच दिवशी घेतल्या होत्या. पैसे थोडे होते, म्हणून पुंगळ्यांची एक पिशवी आणि काडतुसं भरायचं एकच हत्यार घेतलं, दोघांत मिळून. कोर्टकज्जा झाला तेव्हा पिशवी सिक्स्टेनच्या पडवीत होती आणि हत्यार एलोफच्या कपाटात. एकाकडे पितळ, एकाकडे साचा. मागायला कोण जाणार? त्या सप्टेंबरात दोघांनी आपापल्या टोळीत उसन्या बंदुका नेल्या आणि दोघांचेही नेम चुकले.

"पुढच्या वर्षी, बेऱ्यांच्या दिवसांत, आल्वा रस्त्यावरून पत्रं घेऊन आली. आल्वा, माझी बायको. म्हणाली, आपल्या पत्रांच्या पेटीत हा डबा होता. टोस्टचा पत्र्याचा डबा. उघडला तर आत काडतुसं. भरलेली, पुसलेली, ओळीने लावलेली. आपलीच जात."

"बाबांनी ठेवली होती."

"दुसरं कोण? त्या जातीचं हत्यार ह्या खोऱ्यात दुसरं नाही." त्याने कप खाली ठेवला. "मी दोन दिवस त्या डब्याला हात लावला नाही. मग म्हटलं, ह्या माणसाला एवढं वाकता आलं. मला का येऊ नये?"

त्याने ती काडतुसं उडवली. रिकाम्या पुंगळ्या, आणि पडवीतल्या पिशवीतल्या मूठभर, त्याच डब्यात भरून आल्वाकडे दिल्या. आल्वा म्हणाली, मी त्यांच्या पेटीत टाकते, पत्रं आणायला जायचंच आहे. पुढच्या उन्हाळ्यात डबा भरून परत आला. आणि मग दर वर्षी. चिठ्ठी कधी नाही, निरोप कधी नाही. रस्त्यात गाड्या समोरासमोर आल्या, तर दोघंही समोर बघून जायचे.

यॉर्डिस मघापासून त्याच्या उजव्या गालाकडे बघत होती. बंदूक टेकवायची ती जागा.

"भीती नाही वाटली कधी?" तिने विचारलं. "ज्याच्याशी एवढं वैर, त्याने भरलेलं काडतूस गालापाशी धरून उडवायचं."

"पहिल्या वर्षी वाटली. त्यातलं एक उघडून पाहिलं मी. दारू तराजूवर ठेवली." तो थोडा हसला. "कणाचाही फरक नव्हता. लाजच वाटली. पुन्हा कधी उघडलं नाही."

"तुम्ही हे कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय म्हणून? लोक म्हणाले असते, एलोफ नमला. तो नमला होता, ते मला माहीत होतं, तेवढं पुरे होतं. त्याची अब्रू माझ्याकडे सुखरूप होती."

कुत्रा दाराशी येऊन आडवा पडला. सिक्स्टेन उठून आतल्या खोलीत गेला आणि जड पेटी दोन्ही हातांनी घेऊन आला. आतल्या पुंगळ्या सोन्यासारख्या पिवळ्या होत्या. जुन्या तडकायला लागल्या होत्या, म्हणून गेल्या उन्हाळ्यात फोल्केकडून आणली, तो म्हणाला. मिळतात तरी कुठे असल्या? पत्राच्या पेटीत मावत नव्हती, आणि दारात नेऊन ठेवायला पाय उचलेना. शिकारीनंतर बघू, नाताळानंतर बघू, असं करता करता फेब्रुवारी आला.

"आल्वा असती तर कशी तरी पोचवली असती. तिला असलं सुचायचं. ती गेल्यावर डबा मीच पेटीत टाकत होतो." तो पुंगळ्यांच्या पेटीचं झाकण उगाच लावत आणि काढत होता. "तिच्या अंत्यविधीला तुमच्याकडचं कुणी आलं नाही. मी काही मनात धरलं नाही. वैर म्हणजे वैर. पण एक गोष्ट मला अजून उलगडलेली नाही. त्या वर्षी डबा आला, त्यात काडतुसांखाली एक फडकं होतं. कडेने निळं भरतकाम केलेलं. ते आल्वाचं होतं. तिचा टाका मी कुठेही ओळखीन. एलोफकडे ते कुठून आलं?"

यॉर्डिसने दोन्ही पुंगळ्या उचलून खिशात टाकल्या. तिला अंदाज बसायला लागला होता.

निघताना सिक्स्टेनने पेटी स्वतः गाडीत ठेवली. तो आता शिकारीला जात नव्हता, डोळे राहिले नव्हते. तरी म्हणाला, की भरशील तेव्हा चार-पाच मलाही भर. पडवीमागे पाटीवर उडवीन.

"मी आजवर एकही भरलेलं नाही," यॉर्डिस म्हणाली. "तुम्हाला चालेल?"

"तोही कधीतरी पहिल्यांदाच भरत होता," सिक्स्टेन म्हणाला आणि शिडीकडे वळला.

*

टीरा चुलीपाशी उभी राहून मुरंबा ढवळत होती. यॉर्डिसने पेटी टेबलावर ठेवली. पितळ आतल्या आत खणखणलं. टीराने वळून पाहिलं नाही.

"सिक्स्टेन म्हणतो, सुरुवात बाबांनी केली. आधी ते नमले."

टीराच्या खांद्यांत काहीतरी हललं. ती हसत होती, हे यॉर्डिसला जरा उशिरा कळलं.

"आणि तुझे बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, आधी सिक्स्टेन नमला."

"आई, आल्वाचं फडकं तुझ्याकडे कसं आलं?"

टीराने चूल बंद केली. पळी भांड्याच्या कडेवर आपटली, बशीत ठेवली, हात पुसले आणि खुर्चीत बसली. मग ती सांगू लागली. ती कधी इतकं सलग बोलल्याचं यॉर्डिसला आठवत नव्हतं.

गावात फिरत्या वाचनालयाची पुस्तकांची बस यायची, अजूनही येते, काही आठवड्यांनी एकदा. पुरुष तिच्यात कधी चढत नसत. कोर्टाचा निकाल लागला त्या हिवाळ्यात टीरा बसमध्ये चढली, तर आल्वा मागच्या फळीपाशी उभी. दोघी आधी पुस्तकंच बघत राहिल्या. मग आल्वा पुस्तकावरची नजर न काढता म्हणाली, की आमच्याकडे ह्या वर्षी मांस नाही, आणि मांसापेक्षा वाईट म्हणजे हा माणूस बोलत नाही, बसून राहतो. टीरा म्हणाली, आमच्याकडेही तेच. पुढच्या खेपेला आल्वाने पडवीतल्या पिशवीतून मूठभर पुंगळ्या हातमोज्यात भरून आणल्या. टीराने आपला टोस्टचा डबा रिकामा केला. घरी येऊन एलोफपुढे ठेवला आणि म्हणाली, हे आपल्या पेटीत होतं.

"हे बराच वेळ त्या डब्याकडे बघत बसले. मग म्हणाले, शेवटी आलाच ना. आणि कपाटातून हत्यार काढलं. रात्रीचं जेवण दोनदा वाढून घेतलं त्या दिवशी." टीराने मेणकापडावरचा मुरंब्याचा थेंब बोटाने पुसला. "भरून झाल्यावर म्हणाले, अर्धी त्याच्या पेटीत टाक. मी आल्वाला दिली. तिने घरी नेऊन सांगितलं, हे आपल्या पेटीत होतं."

"खरं कधीच सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर दोघांनी डबा तळ्यात फेकला असता. आम्हाला वाटलं, एक-दोन वर्षं असं चाललं की आपसूक बोलायला लागतील." तिने बशीतली पळी सरळ केली. "नाही लागले. डब्यावरच भागलं त्यांचं."

"आणि तुमचं?"

"आमची बस होती."

सदतीसेक वर्षं त्या बसच्या मागच्या फळीपाशी भेटल्या होत्या दोघी. एकमेकींनी वाचलेली पुस्तकं घेतली, मुलांचं सांगितलं, दुखणी सांगितली. बाहेर उतरल्या की एक उजवीकडे, एक डावीकडे. फडकं आल्वाने शेवटच्या आजारपणाआधी दिलं होतं; तेच टीराने त्या वर्षीच्या डब्यात तळाशी घातलं. एकट्या बस चालवणाऱ्याला हे माहीत होतं, आणि तो कधी बोलला नाही.

यॉर्डिसला अंत्यविधीचं विचारायचं होतं ते विचारवेना. टीरानेच ते काढलं.

"तिला नेलं त्या दिवशी मी खिडक्या धुतल्या," ती म्हणाली. "साऱ्या घराच्या. आतून, बाहेरून. हे म्हणाले, आज काय काढलंस हे? मी म्हटलं, घाण झाल्यात. मी तिथे गेले असते, तर ह्यांनी विचारलं असतं, तुला तिचं काय एवढं? मग सगळंच सांगावं लागलं असतं. ते दोघं डब्याच्या जोरावर जगत होते गं."

बाहेर उजेड होता, उन्हाळ्यात असतो तसा, संपायचं नाव न घेणारा. यॉर्डिसने पेटीतली एक पुंगळी काढून तळहातावर ठेवली. कोरी होती. अजून कुणाचीच खूण नव्हती तिच्यावर.

"सिक्स्टेनला सांगू?"

टीराने पेटीचं झाकण लावलं.

"नको. तुझ्या बाबांबद्दल एक चांगली गोष्ट त्याने इतकी वर्षं जपली आहे. ती काढून घेतलीस, तर बदल्यात काय देशील त्याला?"

*

काडतुसं भरायला यॉर्डिसला वाटलं होतं त्याहून जास्त वेळ लागला. एलोफचं हत्यार हाताला जड होतं आणि त्याचा दांडा त्याच्या पकडीप्रमाणे झिजलेला होता. पहिल्या दोन पुंगळ्या तिने चेपवल्या. मग दातांच्या कामात करते तशी सावकाश, श्वास रोखून करू लागली. दारू मोजताना तिने तराजूचा काटा स्थिर होईपर्यंत दर वेळी वाट पाहिली. आपली काडतुसं भरताना तितकी, आणि सिक्स्टेनची भरताना जरा अधिक. शिकारीआधी द्यायच्या नेमाच्या परीक्षेत, मैदानावर धावत्या पाटीवर रंगवलेल्या एल्कला तिने पहिल्या खेपेला पार चुकवलं, दुसऱ्या खेपेला पास झाली. टोळीच्या म्होरक्याने वहीत तिचं नाव एलोफच्या जागेवर घातलं.

ऑगस्ट संपता संपता, शिकार सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी, ती सिक्स्टेनची पाच काडतुसं कागदात गुंडाळून निघाली. अंगणात आली तर टीरा आधीच गाडीत बसलेली होती, पुढच्या सीटवर, सणासुदीचा गडद कोट घालून. पट्टासुद्धा लावलेला. मांडीवर बागेतल्या पांढऱ्या शेवंतीची जुडी होती, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली.

यॉर्डिसने मागचं दार उघडलं. काडतुसं मागच्या सीटवर ठेवली आणि गाडी काढली. टीरा खिडकीतून बघत राहिली. एका ठिकाणी म्हणाली, की ह्या बाजूची बर्चं फार वाढलीत. दुसऱ्या ठिकाणी म्हणाली, सिक्स्टेनला ह्या वर्षी चौकटी रंगवायला दम लागला असेल.

फाट्यावर पत्रांच्या पेट्या रांगेने उभ्या होत्या. तिथून उजवा रस्ता तळ्याला वळसा घालून सिक्स्टेनकडे जातो. यॉर्डिसने उजव्या हाताचा दिवा लावला.

"डावीकडे घे," टीरा म्हणाली.

"आई, तिकडे चर्च आहे, दफनभूमी आहे. सिक्स्टेनचं घर उजवीकडे."

"माहीत आहे मला कुठे आहे ते. सिक्स्टेनकडे नंतर जाऊ."

रस्ता दोन्ही बाजूंना रिकामा होता. यॉर्डिसने दिवा बदलला. टीराने समोरच्या उन्हाच्या झडपेतला आरसा खाली ओढला, डोक्यावरच्या रुमालाची गाठ सोडली, आणि पहिल्यांदाच कुणाच्या तरी दाराशी जायचं असावं तशी ती नीट, पुन्हा बांधायला घेतली.